सखीचं इरलं, काशीचं इरलं

मित्रांनो, सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. मला टोपली म्हणायचं नाही. मध्यंतरी एका शहरी पाहुण्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "ही उलटी टोपली इथं कशाला टांगलीये?" राग आला, पण गिळला. पाहुणा होता ना! मी इरलं आहे. जुनं, जागोजागी नव्या कामट्या घातलेलं, पण अजूनही पाण्याचा थेंब आत येऊ न देणारं इरलं. भाताची रोपं लावताना बायका दिवसभर शेतात वाकलेल्या असतात. तेव्हा डोक्यापासून कमरेपर्यंत जे पालथं बसतं आणि मुसळधार पावसातही पाठ कोरडी ठेवतं, ते मी. छत्रीचं कौतुक मला सांगू नका. छत्री धरायला एक हात लागतो, आणि एका हातानं आवणी होत नाही. आवणी म्हणजे भाताची लावणी. आमच्या ठाण्याकडच्या गावांत तसंच म्हणतात.

भिवंडीपासून आत, डोंगराला टेकून असलेल्या एका वारली पाड्यावर मी जन्मलो. बुधा वरठानं मला विणलं. बुधाचं नुकतंच लग्न झालं होतं आणि त्याची बायको सखी सासूचं फुटकं इरलं घेऊन कामाला जायची. बुधानं बांबू तोडून आणला, चिरला, त्याच्या पातळ कामट्या काढल्या आणि ओट्यावर बसून दोन जाळ्या विणल्या. एक आतली, एक बाहेरची. दोन्हींच्या मध्ये पळसाची पानं दाटीवाटीनं बसवली आणि कडा आवळून बांधल्या. सखी दारातून बघत होती.

"ह्यात माजा डोका बसंल का भोपला?" ती म्हणाली.

"भोपलाच हाय ना तुजा," बुधा मान वर न करता म्हणाला.

सखी हसली आणि मला डोक्यावर घेऊन सगळ्या पाड्यावर मिरवून आली. त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो कसा सांगू!

आमच्या जातीची एक गोष्ट तुम्हाला माहीत हवी. इरल्याची पानं दरसाल बदलावी लागतात. उन्हाळा सरत आला की बुधा माझी गाठ सोडायचा, वाळून चुरा झालेली पानं उकिरड्यावर टाकायचा आणि ताजी पानं भरायचा. एखादी कामटी मोडली असेल तर नवी घालायचा. त्यामुळे कुणी माझं वय विचारलं की माझी पंचाईत होते. कुठल्या भागाचं सांगू? काही कामट्या सखीच्या लग्नातल्या आहेत, काही अलीकडच्या आहेत, आणि पानं तर मागच्या महिन्यातली आहेत.

माझी उमेदीची वर्षं गेली शेलार गावाकडच्या भाताच्या खाचरांत. ती खाचरं जुबैदाबाईंची होती. जुबैदाबाई कोकणी मुसलमान घरातल्या. घरात लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना, पण भात मात्र घरच्याच शेताचा हवा, असा त्यांचा हट्ट. आवणी आली की त्या आमच्या पाड्यावर निरोप धाडायच्या आणि सखी आपल्या सोबतच्या बायका घेऊन उतरायची. जुबैदाबाई स्वतः किटलीतून चहा आणायच्या. बांधावर छत्री घेऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "सखी गो, जरा जोरान गा ना! माज्या घरापावेतो आवाज पोचला पायजे. चाय काय फुकटची हाय?"

आणि सखी गायची. मित्रांनो, ते गाणं मी जितक्या जवळून ऐकलं तितकं कुणीच ऐकलं नसेल. तिचा श्वास माझ्या आतल्या जाळीवर आपटायचा. आमच्या पाड्याची रीत अशी, की आवणीचं गाणं एकटीनं गायचं नाही. एक बाई ओळ फेकते. रांगेतली दुसरी कुणीतरी ती झेलते, म्हणजे तिथल्या तिथे जोड रचून परत करते. पाठ केलेलं काही नाही. सखी फेकायची:

"ढगाच्या म्हशीचा दूध कोनी गो काढला?"

लगेच रांगेतून कुणीतरी झेलायचं:

"डोंगराच्या बायकोनी, चुलीवं सांडला!"

मग हशा पिकायचा, सगळी रांग ती जोडी घोळून म्हणायची, आणि रोपांच्या मुठी भराभर संपायच्या. झेलायला कुणालाही मुभा होती. फेकणारी मात्र एकच. तो मान सखीला तिच्या सासूकडून, पार्वतीकडून मिळाला होता. तो मागून मिळत नसतो. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे हे गाणं चिखलात पाय असतानाच गायचं. कोरड्या पायांनी गायलं तर शेत रुसतं आणि लोंबीत दाणा भरत नाही, असं पाड्यावर सगळे मानायचे.

काशी ही सखीची लेक. लहान असताना आईच्या कमरेला चिकटून ती माझ्याखाली अर्धी मावायची. हातानं रोपं लावायची कमी, तुडवायची जास्त. पण एकदा सखीनं ओळ फेकली, "पान्याच्या पोटान कोन गो हसं?" आणि मोठ्या बायका विचार करेपर्यंत काशी ओरडली, "बेडकाची नवरी, लाजून बसं!" बायका पोट धरून हसल्या. जुबैदाबाईंनी बांधावरूनच सांगितलं, "सखी, ही पोरगी शालेत घाल. हिचं डोकं चिखलान नको घालवू." सखीनं नाक मुरडलं, पण आवणी सरायच्या आत काशीचं नाव शाळेत घातलं.

पुढे काळ बदलला. मानकोलीच्या बाजूनं गोदामं येत गेली. आज एका खाचरावर मातीचा भराव, उद्या दुसऱ्यावर. बघता बघता भाताच्या जागी पत्र्याची छपरं आणि कंटेनर. जुबैदाबाईंचीही खाचरं एकेक करून गेली. आवणीची कामं आटली तशी सखी भिवंडीत, जुबैदाबाईंचा मुलगा मुनीर याच्या कारखान्यात कांड्या भरायला लागली. कांडी म्हणजे लूमला लागणारी सुताची गुंडी. दिवसभर तिच्या नाकातोंडात रुईचा भुगा जायचा. संध्याकाळी ती घरी आली की केस, भुवया, पापण्या सगळं पांढरं झालेलं असायचं. बुधा म्हणायचा, "आली म्हातारी!" ती हसायची आणि मग खोकायची. सुरुवातीला हसू जास्त होतं आणि खोकला कमी. मग हळूहळू उलट झालं.

मी आढ्याला लटकलो. आवणी उरली ती एका खाचराची. त्यालाही बायका खताच्या पिशव्या फाडून डोक्यावर घेऊन जायला लागल्या. प्लास्टिक! ना रूप, ना आवाज. पाऊस माझ्यावर पडला की ढोलकीचा नाद निघतो आणि प्लास्टिकवर पडला की नुसता चरचराट. पण सखीनं मला सोडलं नाही. वर्षातून एखाद-दोन दिवस का होईना, मी तिच्या डोक्यावर असायचो.

काशी मात्र शिकत गेली. वसतिगृहात राहिली, एसटीनं हेलपाटे घातले. कविता लिहायला लागली, आमच्या वारली बोलीत आणि तुमच्या पुस्तकी मराठीतही. त्या कवितांचं पुस्तक निघालं, बक्षिसं मिळाली आणि एक दिवस बातमी आली की काशीला विद्यापीठात नोकरी लागली. तिथं ती मुलांना कविता-कथा कशा लिहायच्या ते शिकवणार होती आणि आवणीच्या गाण्यांवर संशोधनही करणार होती. बुधानं पाड्यावर गूळ वाटला. सखीनं विचारलं, "लिव्हायला शिकवतंस म्हंजी काय? त्यांना हात न्हाईत?"

आता खरी गोष्ट सुरू होते. काशीला संशोधनासाठी आईची गाणी ध्वनिमुद्रित करायची होती. आवणीला अजून अवकाश होता, तरी ती यंत्र घेऊन घरी आली. सखी म्हणाली, "न्हाय. घरान बसून गायचा न्हाय." काशीनं समजावलं, लाडीगोडी लावली, शेवटी चिडली.

"आये, आता शेतंच न्हाय ऱ्हायली! उद्या तू न्हाय ऱ्हायलीस तं मी कुठून आनू ही गानी?"

"मना काय म्हाईत? पन पाय कोरडं हाईत. गला उघडत न्हाय."

दोघींचंही खरं होतं, हीच तर पंचाईत. मी आढ्यावरून ऐकत होतो आणि माझा जीव दोन्हीकडे ओढला जात होता.

मग काशीकडून ती चूक झाली. विद्यापीठात मोठं चर्चासत्र होतं. आईला चार माणसांत मान मिळाला, टाळ्या ऐकल्या, की ती आपोआप गाईल असं तिला वाटलं. आईला नवं लुगडं नेसवून ती घेऊन गेली, सोबत बुधाला आणि मलाही नेलं. सभागृह थंडगार, खाली लाल गालिचा. सखीला मंचावर उभं केलं, माझी ओळख करून दिली, मला तिच्या डोक्यावर ठेवलं आणि समोर माईक आणला. सगळे वाट बघत होते. सखीनं आधी गालिच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. तिचा श्वास माझ्या जाळीवर आपटत होता, पण ओळ काही येईना. मग तिनं हात जोडले आणि खाली उतरली. लोकांना वाटलं, बिचारी बुजली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी काशीचा चेहरा पडला.

बाहेर व्हरांड्यात ती आईला म्हणाली, "माज्यासाटी येक ओल न्हाय गायलीस. येक!"

सखी म्हणाली, "तू मना बाहुली केलीस." आणि बुधाचा हात धरून फाटकाकडे चालू लागली.

तेवढ्यात विभागप्रमुख केसरीनाथ सर आले. भला माणूस, पण उत्साह भारी. मला हातात घेऊन म्हणाले, "काशी मॅडम, काय अप्रतिम वस्तू आहे! आपल्या विभागात ठेवू या का?" काशीचे डोळे भरलेले होते. "ठेवा," ती म्हणाली. "नाहीतरी आता कुणाला लागतंय?"

मित्रांनो, माझ्या काळजावर सुरी फिरली. पण इरल्याला कोण विचारतो?

सरांनी माझी बडदास्त ठेवली म्हणजे काय विचारू नका! रंगाऱ्याला बोलावून माझ्यावर पॉलिशचे हात मारून घेतले. पानं जशीच्या तशी राहायला हवीत म्हणाले. मला काचेच्या पेटीत ठेवलं तेही उताणं, होडीसारखं. आणि खाली पाटी: 'आदिवासी शिरस्त्राण'. शिरस्त्राण! मी काय लढाईवर निघालो होतो? येणारे-जाणारे माझं कौतुक करायचे, फोटो काढायचे. आत माझी पानं वाळून तडकत होती आणि पॉलिशच्या वासानं मला घेरी येत होती. उन्हाळा सरला, पानं बदलायची वेळ आली आणि गेली. पुढच्या वर्षीही गेली. बुधाची बोटं आठवून मला रडू यायचं, पण पॉलिश केलेल्याला रडताही येत नाही.

एक सुख मात्र होतं. माझी पेटी काशीच्या वर्गातच होती, त्यामुळे तिचं शिकवणं ऐकायला मिळायचं. कुणी मुलानं लिहून आणलं, 'आकाश रडत होते', की ती विचारायची, "का बरं? आकाशाला काय दुखत होतं? ते आधी सांग." मुलगा डोकं खाजवायचा. कुणी फार अवघड शब्द घातले की म्हणायची, "हे तुझ्या आजीला वाचून दाखवलंस का? काय म्हणाली?" मुलं वर्गात भांडायची, एकमेकांच्या ओळींना नावं ठेवायची, रुसायची. आवणीच्या रांगेत बायका तरी वेगळं काय करायच्या? कुठंही जा, पळसाला पानं तीनच.

पण काशी स्वतः काही लिहीत नव्हती. मुलं गेल्यावर ती माझ्यासमोर बसायची, कागदावर एक ओळ लिहायची आणि खोडायची. ओळ फेकत होती, झेलणारं कुणी नव्हतं. आईकडे जायची ती औषधं द्यायला. दोघी जेवणाचं बोलायच्या, पाण्याचं बोलायच्या, गाण्याचं नाव काढायच्या नाहीत. हे सगळं ती त्या बिचाऱ्या केसरीनाथ सरांना सांगायची आणि सर चहा मागवायचे.

काशीच्या वर्गात मदीहा नावाची मुलगी होती. ती जुबैदाबाईंची नात, मुनीरची लेक. पावसाळ्याच्या तोंडावर एके दिवशी तास संपल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "मॅडम, दादीनं निरोप दिलाय. शेलारचं शेवटचं खाचरपण अब्बूनं गोदामवाल्याला दिलं. पाऊस संपला की भराव टाकणार. दादी म्हणते, ही शेवटची आवणी, सखीमावशीला सांग."

काशी खुर्चीत बसली. डॉक्टरांनी सखीला भिजायचंही नाही असं बजावलं होतं. तिची फुप्फुसं रुईनं धरली होती, दोन वाक्यं बोलली तरी धाप लागायची. चिखलात उतरली तर जिवाला धोका आणि नाही उतरली तर ते गाणं कायमचं बुडालं. काशीनं ठरवलं, आईला हा निरोप द्यायचाच नाही.

पण जुबैदाबाई काय कमी! नातीवर भरवसा न ठेवता त्यांनी रिक्षा करून स्वतः पाडा गाठला होता. काशी संध्याकाळी घरी गेली तेव्हा सखी आवणीला जायचं ठरवून बसली होती. त्यांचं काय बोलणं झालं ते काशीनं दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, म्हणून मला कळलं.

"आये, जीव जाईल तुजा!"

"मंग घरान बसून काय ऱ्हानार हाय?" सखी म्हणाली. "माजा इरला आन. पिशवी घालून मी जायची न्हाय."

"आणि म्हणून सर," काशी म्हणाली, "मला इरलं हवंय."

"अवश्य! प्रदर्शन आहे का कुठं?"

"नाही. आवणी आहे."

सर दचकले. "आवणी? अहो, पण भिजेल ना ते!"

काशी त्यांच्याकडे बघत राहिली आणि एकदम हसत सुटली. इतक्या दिवसांनी तिचं हसू ऐकून मीही पेटीत हललो असेन. सर गोंधळले, मग स्वतःच कपाळावर हात मारून हसले आणि किल्ली आणायला गेले.

बुधानं मला पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ह्याला काय तूप चोपडला?" म्हणाला. मग बसला फुटक्या काचेनं पॉलिश खरवडत. हात म्हातारे झाले होते, तरी एकही कामटी त्यानं मोडू दिली नाही. काळी पडलेली पानं उपसली, हिरवीगार पळसाची पानं भरली. मित्रांनो, खूप दिवस बंद असलेल्या घराची दारं-खिडक्या उघडाव्यात, तसं मला झालं.

आवणीचा दिवस उजाडला तोच भरून आलेला. शेलारचं ते एकुलतं खाचर, तिन्ही बाजूंना गोदामांच्या भिंती आणि मधे चिखल-पाणी. पाड्यावरच्या जुन्या बायका आल्या होत्या. मदीहा सलवार दुमडून उतरली. बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत छत्रीखाली जुबैदाबाई बसल्या, किटली मांडीवर. सखीनं मला डोक्यावर घेतलं, चिखलात पाय घातला आणि डोळे मिटून उभी राहिली. मग वाकली. तिच्या शेजारी काशी.

मदीहानं हळूच विचारलं, "मॅडम, फोनवर रेकॉर्ड करू?"

काशीनं आईकडे पाहिलं. सखी रोपांची मूठ सोडवत होती. काशी म्हणाली, "ठेव तो दादीकडे. मूठ घे हातात."

पाऊस सुरू झाला आणि सखीनं पहिली ओळ फेकली. आवाज चिरका, अर्धा. पण रांगेनं ती झेलली आणि गाणं उभं राहिलं. दुसरी ओळ. तिसरी. प्रत्येक ओळीनंतर ती खोकायची, बायका तिच्यासाठी थांबायच्या. माझ्या जाळीवर तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी नुसता म्हणत होतो, टिक गं बाई, टिक.

"शेताच्या डोल्यान काय गो सलं?" तिनं फेकलं आणि खोकल्याची अशी उबळ आली की ती गुडघ्यांवर टेकली. बायका घाबरल्या. झेलायचं कुणाला सुचेना. ओळ तशीच चिखलात पडून राहिली.

आणि माझ्या शेजारून काशीचा आवाज आला:

"गोडाऊनचा पत्रा, उन्हान जलं!"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्याच हसल्या, त्या पत्र्याच्या भिंतीकडे हात करून ओळ घोळवायला लागल्या. बांधावरून जुबैदाबाई ओरडल्या, "वा गो काशी! मुनीरला ऐकव ही!"

आता पुढची ओळ सखीनं फेकायची. तिनं तोंड उघडलं, पण श्वास पुरेना. काशीनं रोपांची नवी मूठ उचलली. तिच्या ओठांवर ओळ होती, मला दिसत होती, पण तो मान आईचा. मागून मिळत नाही, हे तिला आता कळलं होतं.

सखी उभी राहिली. दोन्ही हातांनी तिनं मला डोक्यावरून उचललं. धो धो पाऊस तिच्या पांढऱ्या केसांवर पडायला लागला. तिनं मला काशीच्या डोक्यावर पालथं घातलं आणि नीट बसवलं.

"आये, भिजशील!"

"फेक," सखी म्हणाली.

काशीचा श्वास माझ्या जाळीवर आपटला. नवा श्वास, पण ओळखीचा. तिनं फेकलं:

"आयेच्या गल्यान काय गो बसलं?"

रांगेतले हात थांबले. ही ओळ कोण झेलणार? एकमेकींकडे बघायचीही कुणाची छाती होईना. आणि तेव्हा पावसात उघड्या डोक्यानं उभी असलेली सखी, जिनं जन्मभर फेकलं होतं, तिनं पहिल्यांदा झेललं. अगदी बारीक आवाजात:

"कापसाचा पाखरू... उडून गेलं!"

मित्रांनो, माझ्या आत पाणी येत नाही. तरी काशीचे गाल ओले झाले होते. सगळ्या रांगेनं ती जोडी घोळून घोळून म्हटली. जुबैदाबाई छत्री टाकून चिखलात उतरल्या, आपल्या ओढणीनं सखीचं डोकं पुसत म्हणाल्या, "येडी हायस काय तू? चल, चाय पी." दोघी म्हाताऱ्या बांधावर एका छत्रीत बसल्या आणि खाचर संपेपर्यंत काशी फेकत राहिली.

घरी आल्यावर काशीनं आईला विचारलं, "आये, आता शेत न्हाय. मंग कुटं गाऊ?"

सखी गोधडीत गुरफटून बसली होती. म्हणाली, "मना काय इचारतंस? फेकनारी तू हायस. तूच ठरव."

कापसाचं पाखरू उडालं नव्हतं हो. थंडी सरता सरता ते सखीलाच घेऊन उडालं. खाचरावर भराव पडला, आता तिथं कंटेनर उभे असतात. मला सखीची आठवण येते. पाऊस आला की फारच येते. तिच्या डोक्याचा खळगा माझ्या आतल्या जाळीला अजून आहे, काशीचं डोकं त्यात हळूहळू बसतंय.

मी आता काशीच्या भिवंडीतल्या खोलीत खुंटीला असतो. काचेत नव्हे. दरसाल बुधा येतो आणि माझी पानं बदलतो. यंदा त्यानं काशीलाही शिकवलं, तिची बोटं चांगली सोलवटली. बरं झालं! माझं तुम्हा सगळ्यांकडे एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तूवर, जुन्या गाण्यावर तुमची माया असेल तर तिला पॉलिश मारून बंद करून ठेवू नका. वापरा, भिजवा, मोडलं तर नवी कामटी घाला. आणि तुमच्या घरातलं कुणी म्हातारं माणूस एखादी ओळ फेकत असेल, तर हातातलं सगळं बाजूला ठेवून ती झेला. उद्या झेलू म्हणाल, तर फेकणारं माणूस नसेल.

यंदाच्या आषाढात काशी मला घेऊन विद्यापीठात गेली. विभागाच्या मागं तिनं माळ्याकडून एक तुकडा खणून घेतला होता. त्यात पाणी सोडून गुडघाभर चिखल केला होता. वर्गातली सगळी मुलं काठावर उभी होती, वह्या आणि फोन घेऊन. पाऊस भुरभुरत होता. काशीनं मला डोक्यावर घेतलं, चिखलात उतरली आणि मागं वळून म्हणाली,

"चपला काढा."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. तेवढ्यात मागून केसरीनाथ सर पुढं आले, पँट दुमडली आणि खाली वाकून बुटांची नाडी सोडायला लागले.